सीताफळापासून कर्करोगाच्या विषाणूपर्यंत : डॉ. कमल रणदिवे यांची गोष्ट

हेदवी (ता. गुहागर) : आपल्या भागात अमक्याला टाटाला नेलंय असं कुणी सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. घरातलं कुणी रातराणीच्या एसटीने मुंबई गाठतं, लालबाग-परळच्या नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकतं आणि सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहतं. हेदवी, पालशेत, वेळणेश्वर, आबलोली, कुठल्याही गावात विचारा, टाटाची वारी केलेलं एखादं घर निघतंच. पण त्याच परळमध्ये, रुग्णांच्या रांगांपासून थोड्या अंतरावर, एक मराठी बाई वर्षानुवर्षं उंदरांचे पिंजरे, काचेच्या बशा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन कर्करोग मुळात होतो कसा हे शोधत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचं नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

पुण्याची मुलगी

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, आईचं नाव शांताबाई. मुलींना चार बुकं शिकवली की लगीन लावून मोकळं व्हायचं, असा तो काळ. समर्थांनी मात्र सगळ्या मुलांना नीट शिकवायचं ठरवलं होतं. कमल हुजूरपागेत शिकली. अभ्यासात हुशार. वडिलांच्या मनात होतं की पोरीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. पोरीने दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत. १९३४ मध्ये फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि बीएस्सी विशेष प्रावीण्याने पास झाली.

पुढचं शिक्षण कुठे, तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांची गुणसूत्रं. सीताफळ, रामफळ ही आपल्या परसातली झाडं. त्यांच्या कळ्यांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, गुणसूत्रं मोजायची, कुठलं झाड कुठल्याचं भाऊबंद ते बघायचं. कर्करोगाशी याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण पेशी वाचायची सवय लागली ती इथेच. पुढे पेशी झाडाची असो, उंदराची असो की माणसाची, बघणारी नजर तीच राहिली.

१३ मे १९३९ रोजी त्यांचं लग्न झालं. नवरा डॉक्टर नव्हे, गणितज्ञ. जयसिंग त्र्यंबक रणदिवे. बायको शिकते आहे म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, उलट विषय आपला नसतानाही तिच्या अभ्यासात मदत केली. संसार मुंबईत सुरू झाला, मुलगा झाला, आणि १९४३ मध्ये एमएस्सीही झालं.

परळचे गुरू

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. कर्करोगाची कारणं माणसाच्या रोजच्या सवयींत शोधणारा हा माणूस. कमरेला धोतर घट्ट आवळून नेसणाऱ्यांना त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी नोंदवला. तंबाखू चघळणारे, विडी ओढणारे यांच्या तोंडाचे आजारही त्यांनी असेच तपासले. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्या. विषय घेतला स्तनाच्या कर्करोगाचा आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

हे काम उंदरांवर होतं. उंदरांचे काही वाण असे की त्यांच्या माद्यांना हटकून स्तनात गाठी होतात, काही वाणांत त्या क्वचितच दिसतात. एकाच जातीचे उंदीर, खाणं सारखं, पिंजरा सारखा, मग फरक का? कमलताईंनी वेगवेगळ्या वाणांच्या माद्यांच्या स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. वाणातून आलेला गुण, पिलं होणं आणि ग्रंथीची ठेवण या तिन्हींचा रोगाशी संबंध आहे, हे त्यांनी मांडलं. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा भाग असतो हे सांगणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात.

आईच्या दुधातला विषाणू

आता या गोष्टीतला मुख्य धागा. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. गाठी होणाऱ्या वाणाची पिलं जन्मल्या जन्मल्या उचलली आणि गाठी न होणाऱ्या वाणाच्या मादीला पाजायला दिली. ही पिलं मोठी झाली तर त्यांच्यात गाठींचं प्रमाण बरंच कमी. म्हणजे रोग नुसता रक्तातून येत नव्हता, आईच्या दुधातून काहीतरी पिलांच्या पोटात जात होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले तेव्हा ते काहीतरी दिसलं. तो विषाणू होता.

विषाणू म्हणजे काय? आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ डोळ्यांसमोर आणा. पक्षी बी टाकतो, ते फांदीला चिकटतं, मुळं सालीच्या आत घुसवतं आणि झाडाच्याच रसावर पोसतं. विषाणू बांडगुळापेक्षाही परावलंबी. त्याला ना पान ना मूळ. आत एक छोटीशी सूचनांची चिठ्ठी, बाहेर प्रथिनांचं कवच, एवढाच त्याचा संसार. पेशीच्या आत शिरल्याशिवाय तो स्वतःची एक नक्कलही करू शकत नाही.

प्रथिन म्हटलं की आपल्याला कुळीथ, डाळ, अंडी, मासळी आठवते. पण शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. वीस प्रकारच्या मण्यांची माळ ओवावी आणि तिची ठरावीक घडी पडावी, तसं प्रत्येक प्रथिन असतं. मण्यांचा क्रम बदलला की घडी बदलू शकते आणि घडी बदलली की काम बिघडू शकतं. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाची घडी आपल्या पेशीवरच्या एखाद्या प्रथिनात किल्लीसारखी बसते, तेव्हाच दार उघडतं. करोनाच्या काळात ज्या काट्यांची चित्रं सगळ्यांनी पाहिली, ती अशीच किल्ली होती. किल्ली बसली नाही तर विषाणू दारातच राहतो. एका प्राण्याचा विषाणू बऱ्याचदा दुसऱ्याला लागत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

उंदराच्या दुधातला विषाणू आणखी एक हुशारी करतो. त्याच्याजवळ असं एक प्रथिन आहे जे त्याची चिठ्ठी उलट लिहून काढतं आणि ती पेशीच्या मूळ वहीत, म्हणजे गुणसूत्रात, चिकटवून टाकतं. असं प्रथिन काही विषाणूंत असतं हे १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवलं. बांडगुळाची मुळं फांदीत एकजीव व्हावीत तसाच हा प्रकार. मग पेशी फुटून दोनाच्या चार झाल्या की चिठ्ठीही बरोबर वाढते. १९८२ मध्ये तर असं दिसलं की ही चिठ्ठी अनेकदा एका ठरावीक जनुकाशेजारी चिकटलेली असते. शेजारी विषाणू बसला की ते जनुक नको तेव्हा जागं होतं, त्याचं प्रथिन भरमसाट तयार होतं आणि पेशी थांबायचं विसरते. तीच गाठ.

कमलताईंचं काम या दोन शोधांच्या आधीपासूनचं. त्यांचा प्रश्न होता की विषाणू सगळ्या माद्यांच्या अंगात असतो, मग गाठ अमक्याच वेळी का येते? त्यांनी विषाणू आणि संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, यांचा संबंध लावला. गाभण काळात आणि पिलं पाजताना मादीच्या अंगात संप्रेरकं वाढतात. पुढच्या संशोधनात कळलं की या विषाणूच्या चिठ्ठीवर संप्रेरकांना ओळखणारी जागाच आहे. संप्रेरक आलं की विषाणू जोरात वाढतो, म्हणजे नेमका दूध येण्याच्या वेळी, म्हणजे पुढच्या पिलाच्या पोटात जायच्या वेळी. परळमध्ये याच कामासाठी उंदरांचा एक वेगळा वाणही तयार झाला. संशोधन केंद्राच्या नावावरून त्याला आयसीआरसी वाण म्हणतात.

काचेच्या बशीतल्या पेशी

पीएचडीनंतर कमलताई शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी बशीत वाढायला लागल्या आणि आजतागायत थांबलेल्या नाहीत. हेला पेशी म्हणून त्या जगभर गेल्या. हेन्रिएटा ही तंबाखूच्या शेतात राबलेल्या घरातली. तिच्या पेशी घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही नमूद करायला हवं. त्या पेशींच्या आतही एक विषाणू दडलेला होता, हे कळायला आणखी तीसेक वर्षं लागली. त्याकडे पुढे येऊच.

भारतात परतल्यावर कमलताईंनी ठरवलं तर परदेशात राहता आलं असतं, अशी त्यांची पात्रता होती. त्या परत परळला आल्या. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे बशीत पेशी वाढवायची प्रयोगशाळा, उभी केली. तेव्हा पेशींना लागणारं खाद्य, द्रावणं, सगळं परदेशातून मागवावं लागे. पैसा कमी, माल यायला महिने. साठच्या दशकात त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची तरुण माणसं हाताशी धरून ही द्रावणं इथेच तयार करायला लावली. घरचं बियाणं घरी राखावं, तसा हा हिशेब. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला. पेशीविज्ञान, रोगप्रतिकारशास्त्र आणि कर्करोगाची कारणं शोधणारे विभाग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाचंही काम झालं. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात कमलताई, डॉ. बापट आणि खानोलकर यांना यश आलं. १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या जंतूवरून पुढे कुष्ठरोगावरची लस तयार झाली आणि माणसांवर तपासलीही गेली. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार कमलताईंना मिळाला, १९८२ मध्ये पद्मभूषण. त्यांच्या नावावर दोनशेच्या वर शोधनिबंध आहेत.

जे सिद्ध झालं नाही ते

उंदरात दुधातून विषाणू आणि विषाणूतून गाठ, मग माणसात काय? हा प्रश्न साहजिक होता. मुंबईच्या पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसत होता. त्यांच्या दुधाचे नमुने घेऊन परळच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून शोध घेतला. डॉ. सत्यवती सिरसाट यांच्यासारख्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताळणाऱ्या संशोधक त्यात होत्या. काही नमुन्यांत विषाणूसारखे कण दिसले आणि १९७१ मध्ये हे जगासमोर आलं. मोठी खळबळ झाली. पण माणसाच्या स्तनाचा कर्करोग अशा विषाणूने होतो हे त्यानंतर काही सिद्ध झालं नाही.

हे इथे मुद्दाम लिहायचं कारण असं, की अर्धवट माहिती गावात वाऱ्यासारखी पसरते. आईच्या दुधाने बाळाला कर्करोग होत नाही. उलट बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. उंदराची गोष्ट उंदरापुरती खरी.

पण विषाणूने कर्करोग होऊ शकतो हा मूळ विचार मात्र खरा ठरला, फक्त दुसऱ्या जागी. १९८३ मध्ये जर्मनीत हेराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही हा विषाणू सापडला. हेला पेशी तपासल्या तर त्यातही तोच, त्याचा १८ क्रमांकाचा प्रकार. ज्या पेशींवर जगभर प्रयोग चालले होते, त्यांच्या पोटात उत्तर होतं. २००८ मध्ये त्सूर हाउझेन यांना नोबेल मिळालं.

हा विषाणू दोन प्रथिनांनी घात करतो. आपल्या प्रत्येक पेशीत राखणदार प्रथिनं असतात. पेशी बिघडली तर तिची वाढ थांबवणं, वेळ पडली तर तिला मरायला लावणं हे त्यांचं काम. एचपीव्हीचं एक प्रथिन पहिल्या राखणदाराचा नाश करवतं, दुसरं प्रथिन दुसऱ्याला जखडून ठेवतं. राखणदार गेला की शेतात गुरं शिरायला वेळ लागत नाही. तरी हे एका दिवसात होत नाही. विषाणूची लागण ते कर्करोग यात बहुतेक वेळा दहा, पंधरा, वीस वर्षं जातात. धोका सावकाश येतो आणि त्यामुळेच तो आधी पकडताही येतो.

लसही प्रथिनाचीच. एचपीव्हीच्या कवचाचं एक प्रथिन तेवढं तयार केलं तर ते आपोआप एकमेकांत गुंफून पोकळ गोळे बनवतं. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत चिठ्ठीच नाही. नारळाची नुसती करवंटी म्हणा ना. शरीर करवंटीला विषाणू समजून तयारी करतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लसीला २०२२ मध्ये देशात परवानगी मिळाली. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत द्यायची कावीळ ब ची लसही याच विचाराची, विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनापासून केलेली. ती नुसती काविळीपासून नव्हे, यकृताच्या कर्करोगापासूनही वाचवते.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाया

कमलताई नुसत्या सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसल्या नाहीत. विज्ञानात शिकलेल्या बायका लग्नानंतर, बाळंतपणानंतर घरी बसतात हे त्यांनी जवळून बघितलं होतं. १९७३ मध्ये अकरा सहकारी मिळून त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला तिचं केंद्र आहे. काम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायची सोय आणि मुलींसाठी वसतिगृह हे त्यांना विज्ञानाइतकंच महत्त्वाचं वाटलं, कारण पाळणाघर नसेल तर प्रयोगशाळेत जाणार कोण?

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांचं पोषण तपासलं. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर गावागावातल्या बायकांना आरोग्यसेवेचं शिक्षण देण्यात वेळ घातला. ज्यांचं रक्त, वजन, खाणं तपासायचं त्यांच्याच गावातली बाई ते शिकली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. आज आशाताई घरोघरी फिरतात, ते काम आपल्या डोळ्यांसमोर आहे.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताई गेल्या. वय ८३. पुढे २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गूगलने त्यांचं चित्र पहिल्या पानावर लावलं, तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आपल्या गावाला याचा काय उपयोग

उपयोग आहे आणि तो मोजलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने तर याहून स्वस्त वाट धरली. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने पातळ व्हिनेगर लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी बघायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. बारा वर्षांनी हिशेब केला तर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. या तपासणीला ना मोठं यंत्र लागलं, ना परळची वारी.

आपल्याकडे अडतं ते लाजेपाशी आणि कामापाशी. भात लावणी, मग गणपती, मग कापणी, मग शिमगा, मग आंबा-काजू. अंगावरून पांढरं जातंय, मधेच रक्त जातंय, हे बाई सासूला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून तशीच राहते. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडातला पांढरा चट्टा दाढ लागली म्हणून सोडून दिला जातो. गाडी परळला पोचते तेव्हा बरीच वर्षं वाया गेलेली असतात.

तिशी ओलांडलेल्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारायचं, कुठल्या दिवशी आणि कुठे होते ते लिहून घ्यायचं आणि शेजारच्या दोघींना बरोबर न्यायचं. एकटीला संकोच वाटतो, तिघींना वाटत नाही. मुलींच्या लसीबद्दलही तिथेच विचारता येईल. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नसते, कारण लस एचपीव्हीच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

सीताफळाच्या कळीपासून सुरू झालेला एका पुणेरी मुलीचा अभ्यास परळच्या उंदरांतून, बाल्टिमोरच्या बशीतून अकोल्याच्या पाड्यांपर्यंत गेला. आठ नोव्हेंबरला गावच्या शाळेत तिचं नाव फळ्यावर लिहायला खडूशिवाय काही लागत नाही.